श्वास मोजायला डॉक्टर लागत नाही



थंडी पडली की तेलंगणातल्या सर्वांत कमी तापमानाच्या बातमीत आदिलाबादचे नाव ठरलेलेच. त्याच दिवसांत जैनथ, बेला, तांसीकडच्या गावांत पोरांच्या छात्या भरतात. मग दुकानातून खोकल्याचे औषध आणले जाते, नाहीतर ‘आरएमपी’ म्हणवणाऱ्या गावातल्या बिनपदवीच्या डॉक्टरकडे नेऊन सुई दिली जाते. माझे म्हणणे एवढेच, की या दोन्हींच्या आधी पोराचा श्वास मोजला जावा, आणि तो गावातच मोजला जावा.

मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, झबले वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजायची. दोन महिन्यांच्या आतले बाळ असेल तर 60, वर्षाच्या आतले असेल तर 50, पाच वर्षांपर्यंत 40. श्वास इतके किंवा याहून जास्त भरले तर न्यूमोनियाचा संशय धरून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. छाती आत ओढली जात असेल, बाळ पीत नसेल, गुंगीत असेल किंवा ओठ निळे पडले असतील तर मोजत बसू नये, थेट मोठे रुग्णालय गाठावे. पोट उडते म्हणून न्यूमोनियालाच आपल्याकडे ‘डबा’ म्हणतात आणि पोटाचा आजार समजून चटके देणारेही आहेत. दुखणे छातीत आणि डाग पोटावर!

‘हे डॉक्टरांचे काम, आशाताईंना काय कळणार?’ असे विचारणाऱ्यांनी प्राणहिता नदीपलीकडे पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत आरोग्यसेवक आणि दायांना श्वास मोजून औषध द्यायला शिकवले. आकडेमोड न येणाऱ्यांसाठी मण्यांचे साधन केले. 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: उपचार मिळालेल्या मुलांत न्यूमोनियाने दगावण्याचे प्रमाण 0.8 टक्के, तुलनेच्या गावांत 13.5 टक्के. केंद्राच्या न्यूमोनियाविरोधी ‘सांस’ मोहिमेतही (2019) आशाताईने अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देऊन मुलाला पुढे पाठवावे, असेच आहे. म्हणजे धोरणाची अडचण नाही. अडचण पोहोचण्याची आहे. मी पाहिलेले फलक तेलुगूत. सीमेवरच्या घरांत आया बोलतात मराठी, गोंडी, कोलामी.

खोकल्याच्या औषधाबद्दल तर आता वाद उरू नये. सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुले विषारी सिरपने गेली. त्यांतली कित्येक नागपूरच्या रुग्णालयांत होती. दोन वर्षांखालील मुलांना ही औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा नकोत, असे केंद्राने ऑक्टोबरमध्ये बजावले.

दमा वेगळा. सर्दी नसतानाही रात्री खोकला, छातीत शिट्टी, दर थंडीत तेच, अशी मुले आपण ‘पंपाची (इनहेलरची) सवय लागते’ म्हणून वर्षानुवर्षे गोळ्या-इंजेक्शनांवर ठेवतो. सवय लागत नाही; पंपाचे औषध थोडे लागते आणि थेट फुप्फुसात जाते. लहानग्यांना ते पंपाला स्पेसर (जोडनळी) लावून द्यावे.

राहिला धूर. कापूस निघाला की आपणच शेतात पऱ्हाट्या पेटवतो, उरलेल्या चुलीत घालतो, आणि त्याच चुलीपाशी ऊब म्हणून बाळ निजवतो. गॅस महाग पडतो हे मान्य. पण निदान बाळाची झोपायची जागा तरी चुलीपासून हलवता येते. पऱ्हाट्या बारीक करून जमिनीत घालायची यंत्रे मंडळनिहाय भाड्याने मिळाली तर काडी लावणेही कमी होईल.

जिल्हा प्रशासनाने दिवाळीपूर्वी प्रत्येक आशाताईला मिनिट मोजायचे घड्याळ, अमॉक्सिसिलिन आणि मराठी-गोंडीतला एक पानाचा तक्ता द्यावा. आई-बापांनी दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांची न्यूमोनियाची लस चुकवू नये. 2021 पासून ती देशभर सरकारी लसीकरणात मोफत आहे.

– एक वाचक, जैनथ (जि. आदिलाबाद)