सर्वोत्तम गुण कोणता?

‘सिव्हिलायझेशन ४’ (२००५) या संगणकावरील खेळात प्रत्येक नेत्याला दोन गुण असतात. त्यांपैकी ‘फायनान्शियल’ हा सर्वोत्तम, असे पुष्कळ खेळाडू मानतात. परंतु ज्या चौकोनातून व्यापाराची किमान २ एकके मिळतात, तेथेच तो १ एकक वाढवतो. किनाऱ्यावर हा लाभ आरंभापासून होतो. नदीपासून दूरच्या नव्या वस्तीत तो होत नाही. मग एका विजयावरून निष्कर्ष कसा काढावा? मानसा मुसा व अशोक या दोघांत ‘स्पिरिच्युअल’ गुण समान आहे. दुसरा गुण मात्र पहिल्याचा ‘फायनान्शियल’, तर अशोकाचा राज्यखर्च घटवणारा ‘ऑर्गनाइज्ड’. नकाशा तोच ठेवून दोघांकडून अनेक डाव खेळा, नोंदी ठेवा आणि मगच मत बनवा. प्रयोगशाळेतही आपण हेच करतो.