आधी शोध, मग सूत्र

गणितात मूल मागे पडले की आपण पाढे घोकून घेतो, शिकवणी लावतो. आधी सूत्र सांगायचे, मग त्याच साच्याची वीस उदाहरणे सोडवून घ्यायची, ही आपली रीत. परीक्षेत साचा बदलला की मूल अडते, कारण संख्यांमधला आकृतिबंध स्वतः शोधायची सवयच त्याला लागलेली नसते.

ही सवय कशी लावावी, हे कळवणच्या शिक्षकांना आपल्याच नाशिक जिल्ह्यात पाहायला मिळते. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ पर्यंत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांकडे गणिताची पदव्युत्तर पदवी नव्हती. तरी ६१७४ ही संख्या आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते.

३५२४ घ्या. अंकांच्या उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करा : ५४३२ – २३४५ = ३०८७. पुन्हा तसेच : ८७३० – ०३७८ = ८३५२. पुन्हा : ८५३२ – २३५८ = ६१७४. यापुढे ६१७४ च येत राहते. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोहोचते.

शिक्षकाने मात्र इथे थांबू नये. तिन्ही उत्तरांतल्या अंकांची बेरीज करायला सांगावी. दर वेळी १८! मुले म्हणतील, "नेहमी १८ च येणार." त्यावर बरोबर-चूक न सांगता २१११ ही संख्या द्यावी. २१११ – १११२ = ९९९, बेरीज २७. अंदाज मोडला, पण १८ आणि २७ दोन्ही नवाच्या पाढ्यातले आहेत, हे कुणीतरी ओळखतेच. मग विचारावे, "का?" ५४३२ मध्ये पहिल्या-शेवटच्या अंकांत ३ चा फरक, मधल्या दोघांत १ चा. ३ × ९९९ + १ × ९० = ३०८७. ९९९ आणि ९० दोन्हींना नवाने भाग जातो, म्हणून उत्तरालाही जातो.

पाहणे, अंदाज बांधणे, तो मोडतो का ते तपासणे आणि कारण शोधणे, गणित ते हेच. नुसता आकृतिबंध दिसला म्हणून तो खरा ठरत नाही, हेही मुलाला इथेच कळते. अभ्यासक्रम संपवायची घाई सगळ्यांनाच असते, पण आठवड्याचा एक तास यासाठी निघू शकतो. त्याला ना फी लागते ना मोबाइल. आश्रमशाळेतल्या आदिवासी मुलाला आणि बागवान-तांबोळ्यांच्या घरातल्या मुलीला तो सारखाच परवडतो.

'अल्जेब्रा' हा शब्द अल-ख्वारिज्मीच्या ग्रंथाच्या नावातून आला, हे आपण सभांमधून अभिमानाने सांगतो. जरूर सांगावे. पण आपल्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत मुलाने "असे का?" विचारल्यावर त्याला गप्प बसवले जात असेल, तर त्या अभिमानाचा त्याला काय उपयोग?