व्हिसा दहा वर्षांचा, मुक्काम किती?

"व्हिसा मिळाला" म्हटलं की आपल्याकडे पेढेच येतात. पण व्हिसावर फक्त दारापर्यंत जाता येतं. आत घ्यायचं का आणि किती दिवस, हे तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो.

लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या आई-बाबांचंच बघा ना. पासपोर्टात दहा वर्षांचा बी१/बी२ व्हिसा. म्हणजे दहा वर्षं राहता येतं? अजिबात नाही! ती तारीख दार कधीपर्यंत ठोठावता येईल, एवढंच सांगते. मुक्काम ठरतो आय-९४ नावाच्या नोंदीवर. बहुतेकांना सहा महिने मिळतात. ही नोंद ऑनलाइन असते, त्यामुळे ती बघायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. "व्हिसा आहे की अजून" म्हणून त्या तारखेपुढे राहिलात, तर तो दहा वर्षांचा व्हिसाच रद्द होतो. दुसऱ्या नातवाच्या वेळी परत अर्ज, परत इंटरव्ह्यू.

कुणाला आत घ्यायचं हे त्या देशाने ठरवावं, मान्य. पण मला खटकतं ते २१४(बी) कलम. टूरिस्ट व्हिसा मागणारा प्रत्येकजण कायमचा राहायलाच येतोय, असं ते आधीच धरून चालतं. तसं नाही, हे अर्जदाराने पटवायचं, तेही खिडकीपाशी उभं राहून, चार-दोन मिनिटांत. नाशिकला घर, पेन्शन, सगळा गोतावळा असलेल्या साठीच्या माणसाने आणखी काय दाखवायचं हो? नकार मिळाला तर नेमकं काय कमी पडलं ते कळत नाही. आणि २०२३ मध्ये १६० ची १८५ डॉलर झालेली फी? ती काही परत मिळत नाही.