सुजलेला पाय आणि शिरेतली गाठ

घरात कुणाचा एक पाय सुजला की निदान आधी घरीच होते. फार उभे राहिल्याने शिरा तटतटल्या, लचक भरली, गारठा बसला. मग बाम, मालिश, शेक. बहुतेक वेळा कारण साधेच निघते. पण क्वचित पायाच्या शिरेतूनच कॅन्सरची गाठ उगवते. तिला लियोमायोसार्कोमा म्हणतात.

शीर म्हणजे नुसती नळी नव्हे. तिच्या भिंतीत अनैच्छिक स्नायूंचा थर असतो, आणि त्यातल्या पेशी बेलगाम वाढल्या की ही गाठ होते. शिरांमधल्या अशा गाठी जास्त करून पोटातल्या महाशिरेत सापडतात. पायात मांडीच्या खोल शिरेत, किंवा घोट्यापासून जांघेपर्यंत जाणाऱ्या लांब शिरेत. (बायपाससाठी सर्जन पायातून काढतात ती हीच शीर.) सार्कोमा या जातीचे कॅन्सर प्रौढांच्या एकूण कॅन्सरमध्ये सुमारे १ टक्का, शिरेतले तर त्यातही मोजकेच. तेव्हा व्हेरिकोज व्हेन्स असलेल्या आपांनी घाबरून जायचे कारण नाही.

खरी अडचण वेगळी आहे. खोल शिरेतली गाठ रक्ताच्या गुठळीसारखीच वागते. रक्त अडते, पाय सुजतो, दुखतो. गुठळी समजून रक्त पातळ करणारी औषधे सुरू होतात, आणि त्यात डॉक्टरांचा दोष म्हणता येत नाही, कारण गुठळी कितीतरी पटीने जास्त आढळते. मात्र औषधे नीट घेऊनही सूज हटत नसेल, किंवा हाताला घट्ट गोळा लागून तो वाढत असेल, तर पुन्हा दाखवा आणि विचारा, "ही गुठळीच आहे ना?" डॉप्लर सोनोग्राफीत गाठीच्या आत रक्तप्रवाह दिसला, तर शंका घ्यावी लागते. पुढे एमआरआय, आणि खात्री बायोप्सीनेच.

गाठीवर मालिश नको, हिजामाही नको. आणि निदान न होता ती "छोटेसे ऑपरेशन" म्हणून कापून घेऊ नका. ही गाठ भोवतालच्या निरोगी भागासकट काढावी लागते. अर्धवट काढली तर पुन्हा येण्याचा धोका वाढतो. बायोप्सीची सुई कुठून घालायची, हेसुद्धा पुढचे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने ठरवलेले बरे. हा कॅन्सर रक्तावाटे फुप्फुसात जातो, म्हणून छातीचा सीटी स्कॅन करतात. गरजेप्रमाणे रेडिएशन, केमो. नंतर काही वर्षे तपासण्या.

आपल्या घरांत बायका पाय दाखवायला संकोचतात, महिनोन्‌महिने बोलतच नाहीत. लेडी डॉक्टर हवी असेल तर मागा, सोबत बहिणीला न्या, पण दाखवा.

दुसऱ्या रुग्णालयात जाताना नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही. बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणातला ब्लॉक पॅथॉलॉजीतून मागून घ्या, एमआरआयची सीडीही. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत ते स्वतः पुन्हा तपासतात.