किती गेलं, ते कुणी मोजलं का?

"ताई, पहिल्या बाळंतपणात माझ्या अंगावरून फार गेलं. दोन बाटल्या रक्त चढवलं तेव्हा कुठे उठून बसले. आता पुन्हा दिवस गेलेत, पाचवा चालू आहे. आईला विचारलं तर म्हणते, 'बाळंतपण म्हटलं की जायचंच, त्यात विचारायचं काय?' सासूबाई तर विषयच काढू देत नाहीत. मग मी विचारू कुणाला? आणखी एक, अळिवाचे लाडू आतापासूनच खाल्ले तर चालतील का?"

एका तालुक्याच्या गावाहून आलेलं हे पत्र. अळिवाचं शेवटी बघू. आधी ते 'जायचंच' म्हणून सोडून दिलेलं काय आहे, ते नीट पाहू या.

माझी धाकटी आत्या १९६८ साली बाळंतपणात गेली. मी लहान होते. ओटीवरून आत-बाहेर करणारी माणसं, तापलेल्या पाण्याची घागर आणि मग एकाएकी सगळं शांत, एवढंच आठवतं. मुलगा झाला, वार पडली, पेढेसुद्धा सांगून झाले होते. "थोडं जातंय, थांबेल," असं म्हणत बायका जुनेरं बदलत राहिल्या. कोणी हयगय केली असं नाही. पण दिवस घातल्यानंतर आमच्याकडे धुणं करणारी बाई आजीला म्हणाली, "वहिनी, अकरा जुनेरं होती हो." घरातल्या एकाही माणसाला हा आकडा ठाऊक नव्हता. मोजलं होतं ते फक्त जिला ते धुवावं लागलं तिनं.

रक्त इतकं का जातं, ते समजून घेणं अवघड नाही. नऊ महिने भरत येतात तेव्हा दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त गर्भपिशवीकडे खेळत असतं. वार सुटली की तिच्या जागी उघड्या रक्तवाहिन्या राहतात. त्या बंद करायला निसर्गानं टाके ठेवलेले नाहीत. पिशवीचे स्नायूच आवळले जातात आणि वाहिन्यांची तोंडं दाबून धरतात. कसा ओढल्यावर बटव्याचं तोंड मिटतं ना, तसंच. कधीकधी पिशवी थकते, सैल राहते आणि आवळलीच जात नाही. बाळंतपणानंतरच्या जादा रक्तस्रावाचं सर्वांत मोठं कारण हेच. जुळी असली, बाळ फार मोठं असलं, कळा फार लांबल्या, आधीच्या खेपेला असं झालेलं असलं, तर धोका वाढतो. पण यातलं काहीही नसलेल्या बाईलाही हे होतं. म्हणून प्रत्येक बाळंतिणीवर लक्ष हवं.

आता मोजण्याचं. आपण बायका अंदाजात पक्क्या. मीठ कुणी चमच्यानं मोजत नाही, भाताचं पाणी बोटाच्या पेरावर ठरतं. पण रक्ताच्या बाबतीत हा अंदाज हमखास चुकतो. काही कपड्यात मुरतं, काही गर्भजलात मिसळतं, काही अंगाखाली राहतं. आणि चुकतो तो बहुधा कमीच्या बाजूला. डॉक्टर, नर्स, सुईण, सगळ्यांचाच.

हे नीट तपासून पाहिलं गेलं ते आपल्या शेजारी, बेळगावला. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठाच्या मंडळींबरोबर हे काम हाती घेतलं. त्यांनी बाळंतिणीच्या अंगाखाली घालायचं एक पारदर्शक प्लॅस्टिकचं कापड तयार केलं. त्याला खाली नरसाळ्यासारखी निमुळती पिशवी आणि पिशवीवर मापाच्या रेघा. दूध मोजायच्या भांड्यावर असतात तशाच. इतकी साधी गोष्ट! २००६ साली प्रसिद्ध झालेल्या १२३ बाळंतपणांच्या अभ्यासात, नुसत्या डोळ्यांनी सांगितलेला आकडा पिशवीतल्या मापापेक्षा सरासरीनं एक तृतीयांशानं कमी भरला. म्हणजे पाऊण लिटर गेलं तर माणसं अर्धा लिटर समजणार. आणि अर्धा लिटर ही तर धोक्याची रेघ.

हेच कापड वापरून बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत आणखी मोठं काम झालं. २००२ ते २००५ या काळात घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १६२० बायकांपैकी निम्म्यांना बाळ जन्मताच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडावाटे दिल्या, निम्म्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या. बाकी देखभाल सारखीच. हे औषध मुळात पोटातल्या अल्सरवरचं. पण ते पिशवी आवळायलाही मदत करतं. नेहमीचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन जास्त खात्रीचं, पण ते थंड जागी ठेवावं लागतं आणि टोचणारं माणूस लागतं. गोळीला फ्रीज लागत नाही, सुई लागत नाही. या अभ्यासात जादा रक्तस्राव होणाऱ्यांचं प्रमाण शेकडा बारावरून साडेसहाच्याही खाली आलं. दर अठरा बायकांमागे एकीचं संकट टळलं. गोळीनं काही जणींना थंडी वाजून ताप आला, पण तो थोड्या वेळात उतरला. आणि हे सारं करणाऱ्या होत्या खेड्यापाड्यांतल्या पंचवीस नर्सबाई! मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळाची इथे गरज पडली नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. (या गोळ्या औषधाच्या दुकानातून आणून घरात ठेवायच्या नाहीत बरं का. चुकीच्या वेळी घेतल्या तर त्याच जिवावर बेततात.)

मापाच्या पिशवीची खरी परीक्षा पुढे आफ्रिकेत झाली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतली ऐंशी इस्पितळं, दोन लाखांहून अधिक बाळंतपणं. निष्कर्ष २०२३ साली आले. अर्ध्या इस्पितळांत ही पिशवी दिली आणि सांगितलं, की रेघ ओलांडली रे ओलांडली की पाच गोष्टी एकदमच करायच्या: पोटावरून पिशवी चोळणं, ती आवळणारं औषध, रक्त थोपवणारं औषध, शिरेतून सलाईन आणि कुठून जातंय याची तपासणी. एक करून वाट पाहायची, मग दुसरं, असं नाही. बाकीच्या इस्पितळांत नेहमीची पद्धत चालू राहिली. तिथे जादा रक्तस्राव झालेल्या बायकांपैकी जेमतेम निम्म्यांचाच वेळेवर लक्षात आला. पिशवी होती तिथे शंभरात त्र्याण्णव जणींचा. गंभीर रक्तस्राव, पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून साठ टक्क्यांनी घटलं. औषधं काही नवी नव्हती. वेळ तेवढा हाती लागला.

त्यातल्या रक्त थोपवणाऱ्या औषधाची गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याचं नाव ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. पाळीत फार जातं म्हणून डॉक्टर गोळ्या देतात, त्यांत बऱ्याचदा हेच असतं. ते शोधून काढलं जपानमधल्या उताको ओकामोतो या बाईंनी, यजमान शोसुके यांच्यासह. महायुद्ध संपलेलं, हाती पैसा नाही. त्यांनी रक्तावरच काम करायचं ठरवलं, कारण कमी पडलं तर स्वतःचं काढता येईल! मुलीला सांभाळायला कोणी नव्हतं, तेव्हा तिला पाठीशी बांधून बाई प्रयोगशाळेत उभ्या राहायच्या. १९६२ साली त्यांचं संशोधन प्रसिद्ध झालं. बाळंतपणातल्या रक्तस्रावावर हे चालेल असं त्यांना वाटत होतं, पण तिथल्या प्रसूतितज्ज्ञांना काही त्या पटवू शकल्या नाहीत. मग वर्षांमागून वर्षं गेली. शेवटी एकवीस देशांतल्या वीस हजार बायकांवर चाचणी झाली आणि २०१७ साली सिद्ध झालं, की तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशानं कमी होतात. उताकोबाई २०१६च्या एप्रिलमध्ये वारल्या. वय अठ्ठ्याण्णव. एक वर्ष कमी पडलं.

१९६२ आणि २०१७. मध्ये १९६८ येतं, हे मी मनातून काढू शकत नाही.

असो. पत्र लिहिणाऱ्या भगिनीला आता थेट सांगते. पहिल्या वेळी झालेलं पुन्हा होण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त असतो. होईलच असं नाही. पण ही गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगायची, त्यांनी विचारायची वाट पाहायची नाही. जुने कागद सापडत असतील तर घेऊन जा, किती बाटल्या चढवल्या तेही सांगा. हिमोग्लोबिन आताच तपासून घ्या. गरोदरपणात ते अकराच्या खाली असणं म्हणजे पंडुरोग, आणि आधीच रक्त कमी असलेल्या बाईला थोडं गेलेलंही सोसत नाही. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नका. मध्ये तास-दीड तास जाऊ द्या. लिंबूपाण्याबरोबर घेतल्या तर उत्तम. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौचाला काळं होतं म्हणून घाबरून बंद करू नका.

माहेरी जायचं असेल तर जा, पण बाळंतपण जिथे रक्त मिळण्याची सोय आहे तिथेच ठरवा. आईचा आग्रह असला तरी. डॉक्टरांना खुशाल विचारा, "बाळ झाल्यावर लगेच इंजेक्शन देता ना? रक्त मोजता ना?" यात उद्धटपणा काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ साली तर सांगितलंय, की अर्धा लिटर होईपर्यंत थांबू नका. तीनशे मिलीलिटर गेलं आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसला की लगेच उपचार सुरू करा. बाळंतपणानंतर लघवी तुंबू देऊ नका, भरलेल्या मूत्राशयामुळे पिशवी नीट आवळली जात नाही. बाळाला लवकर अंगावर घ्या. त्यानंही ती आवळते.

घरी आल्यावरही लक्ष हवंच. तासाभरात एक पॅड पुरता भिजत असेल, लिंबाएवढ्या गाठी पडत असतील, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, छातीत धडधडत असेल, तर शेक-शेगडी राहू द्या आणि सरळ दवाखाना गाठा, मग मध्यरात्र का असेना. जादा रक्तस्राव काही आठवड्यांनंतरही होऊ शकतो. आणि हे तुमच्या लक्षात राहायचं नाही, तेव्हा यजमानांना आणि आईला हे पान वाचायला द्या. सासूबाईंनाही. त्या विषय काढू देत नाहीत यामागे त्यांचं स्वतःचं काही असेल. एकदा दुपारी निवांत बसून विचारून पाहा.

राहता राहिले अळिवाचे लाडू. आपल्याकडे ते बाळंतपणानंतर द्यायची रीत आहे, गरोदरपणात नको म्हणतात. तीच रीत पाळा. आता नाचणी, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्यं आणि वर लिंबू. लाडवांसाठी अळीव नारळाच्या पाण्यात दोन तास भिजवा म्हणजे छान फुलतात. गूळ आणि खोबरं एकदम घालून मंद आचेवर आटवा. जायफळ शेवटी. आणि गोळ्यांच्या ऐवजी लाडू नव्हेत, गोळ्या चालू ठेवूनच लाडू.