लाड आणि काळजी

ससा कोणाला आवडत नाही? मऊ अंग, लांब कान, चमकदार डोळे! बाजारात पिंजऱ्यातला ससा दिसला, की आपले पाय आपोआप थांबतात. काही मुले ईदीचे किंवा खाऊचे पैसे साठवून ससा घरी आणतात. पहिले काही दिवस सगळे त्याच्याभोवती जमतात. त्याचे खूप लाड होतात. पण लाड म्हणजे काळजी नव्हे. लाड केल्याने आपल्याला आनंद होतो. काळजी घेतल्याने सशाला सुख मिळते. म्हणून मला वाटते, ज्याला काळजी घेता येईल त्यानेच ससा पाळावा.

लाडाने आपण सशाला गाजर, पाव, बिस्किटे देतो. पाव आणि बिस्किटे तर त्याला देऊच नयेत. गाजरात साखर असते, म्हणून त्याचा लहानसा तुकडा कधीतरी द्यावा. सशाचे खरे अन्न गवत आहे. त्याचे दात जन्मभर वाढत असतात. गवत चावल्यामुळे ते झिजतात आणि त्याचे पोटही ठीक राहते. म्हणून वाळलेले गवत आणि स्वच्छ पाणी त्याच्यासमोर रात्रंदिवस असावे.

काही जण सशाला कान धरून उचलतात. त्यामुळे त्याला फार वेदना होतात. एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली धरून त्याला उचलावे. सशाला आंघोळही घालू नये. तो आपले अंग स्वतःच चाटून स्वच्छ ठेवतो.

उन्हाळ्यात तर जास्त जपावे लागते. मालेगाव, जळगाव या भागांत पारा ४० अंशांच्या वर जातो. सशाला ३० अंशांच्या पुढची उष्णताही सोसत नाही, कारण त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. त्याचा पिंजरा पत्र्याखाली ठेवू नका. सावलीत, हवेशीर जागी ठेवा. रोज काही वेळ त्याला मोकळे फिरू द्या.

नर आणि मादी एकत्र ठेवले, तर साधारण ३१ दिवसांत पिल्ले होतात. मग जागा पुरत नाही आणि काही लोक पिल्ले मैदानात सोडून देतात. तेथे ती कुत्र्या-मांजरांच्या तोंडी पडतात. पाळलेल्या प्राण्याला असे उपाशी सोडून देणे हा १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे.

ससा आपले दुखणे लपवतो. तो सहसा ओरडत नाही, रडत नाही. त्याने खाणे सोडले किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर उद्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी त्याला पशुवैद्याकडे न्या.

तुम्ही विचाराल, “मग आम्ही ससा पाळूच नये का?” जरूर पाळा. पण आधी घरच्यांशी बोला. ससा आठ-दहा वर्षे जगू शकतो. आज तुम्ही आठवीत असाल, तर तुमचे कॉलेज संपेपर्यंत तो तुमच्या घरी असेल. परीक्षेच्या दिवसांत त्याला गवत कोण घालणार? तुम्ही गावाला गेलात, तर त्याच्याकडे कोण पाहणार? या प्रश्नांची उत्तरे मिळाली, तरच ससा आणा. नाहीतर त्याला दुरून पाहण्यातच खरे प्रेम आहे.