जाहिरातीतले घर

अब्बांच्या पश्चात कोंढव्यातला फ्लॅट विकायचे ठरले. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि अम्मीचे गुडघे असे की एकदा खाली उतरल्या की पुन्हा चढायला अर्धा तास. एजंटला दोन टक्के कशाला द्यायचे, आपणच संकेतस्थळावर टाकू, असे भाईजान म्हणाले. शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो म्हणून मजकूर लिहायचे काम आमच्याकडे आले.

घरांच्या खरेदी-विक्रीसाठीच काढलेली ही संकेतस्थळे आता नवी राहिलेली नाहीत. नाइन्टीनाइन एकर्स २००५ साली सुरू झाले, हाउसिंग डॉट कॉम २०१२ साली पवईत. पूर्वी मशिदीतून बाहेर पडताना कुणाच्या तरी कानावर घालायचे किंवा वर्तमानपत्रात तीन ओळींची छोटी जाहिरात द्यायची. आता फॉर्म भरायचा. भाग, क्षेत्रफळ, मजला, इमारतीचे वय, किंमत, फोटो. पण सगळ्यांच्या आधी एक साधा प्रश्न असतो : तुम्ही कोण? मालक, एजंट की बिल्डर?

आम्ही 'मालक' वर बोट ठेवले आणि पुढे गेलो. चूक तिथेच झाली.

चौथ्या दिवशी रात्री शारजाहून आपाचा फोन आला. तिच्या मुलाला सुट्टीत पुण्यात राहायला काही मिळते का, म्हणून तो मोबाइलवर घरे पाहत होता. बैठकीतली आयतुल कुर्सीची फ्रेम आणि खिडकीची निळी जाळी त्याने ओळखली. "अब्बांचं घर विकताय आणि मला जाहिरातीतून कळतंय?" आपा एवढेच बोलली. रागावली असती तर बरे झाले असते.

तिला विचारायचे नव्हते असे नाही. ती नाही म्हणणार नाही, हे आम्ही गृहीत धरले होते. हे गृहीत धरणेच आपल्या घराघरांत बहिणींच्या वाट्याला येते आणि मग त्याला 'तिने माफ केले' असे नाव मिळते. हिशेब तर सरळ होता. अम्मीचा आठवा हिस्सा, उरलेल्यातून मुलाला दोन तर मुलीला एक. घराचे ४० भाग धरले तर अम्मीचे ५, आम्हा दोघा भावांचे १४-१४ आणि आपाचे ७. सोसायटीच्या कागदावर नॉमिनी म्हणून भाईजानचे नाव होते, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वारसांच्या वतीने सांभाळणारा तो. मालक चार होते आणि फॉर्मवर एकच.

दुसऱ्या दिवशी जाहिरात उतरवली. आपाची माफी मागितली. ती म्हणाली, "विका, पण मला विचारून विका." मग सगळा मजकूर पुन्हा लिहायला बसलो, आणि या वेळी शिक्षकाच्या डोळ्यांनी, म्हणजे लाल पेन घेऊन.

पहिला फोटो बैठकीचा. पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. फोटो काढायच्या आधी आम्ही कपाट सरकवून त्या भिंतीशी लावले होते. एकमेकांशी काही न बोलता, दोघांनी मिळून. सहीह मुस्लिममधला धान्याच्या ढिगाचा प्रसंग आम्ही मुलांना किती वेळा सांगितला असेल! बाजारात पैगंबरांनी (स.) ढिगात हात घातला, तर आतले धान्य ओले. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ते वर का ठेवले नाहीस, असे त्याला विचारले गेले. आमचे कपाट म्हणजे तोच वरचा कोरडा थर. सहीह बुखारीतल्या हदीसनुसार विकणारा आणि घेणारा खरे बोलले, दोष उघड सांगितले, तर सौद्यात बरकत येते; लपवले तर ती पुसली जाते. आपला देशाचा कायदाही याहून फार वेगळे सांगत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ विक्रेत्यावर बंधन घालते की, घेणाऱ्याला साध्या काळजीने दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष, घरातला असो की मालकीतला, त्याने सांगितलाच पाहिजे.

कपाट हलवले. ओलीचा फोटो टाकला आणि खाली लिहिले, 'पावसाळ्यात या भिंतीला ओल येते.'

क्षेत्रफळाचेही तसेच. आम्ही ७८० चौरस फूट लिहिले होते, ते सुपर बिल्ट-अप, म्हणजे त्यात जिना आणि बाहेरची मोकळी जागाही मोजलेली. मोठा आकडा टाकला की चौरस फुटाचा भाव कमी दिसतो, एवढाच त्याचा उपयोग. पाय ठेवायला मिळते ती कार्पेट जागा ५६० होती. तीच लिहिली.

पहिल्या जाहिरातीला रोज सात-आठ फोन येत. दुसरीला आठवड्यात तीन. भाईजान दोन दिवस आमच्याशी कमीच बोलले.

एक फोन मात्र सर्वांनी लक्षात ठेवावा असा. सैन्यात आहे म्हणणारा एक जण घर न पाहताच टोकन द्यायला तयार झाला. त्याने क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील, असे सांगितले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. अम्मी घरात एकट्या असताना हा फोन आला असता तर? म्हणून जाहिरातीत मोबाइल नंबर घरातल्या सावध माणसाचाच द्यावा.

आणि नवे घर घेणाऱ्यांसाठी एक. बिल्डरच्या प्रकल्पाची जाहिरात असेल तर तीत महारेराचा नोंदणी क्रमांक हवाच, ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. आमच्यासारख्या जुन्या फ्लॅटच्या फेरविक्रीला ती नोंदणी लागत नाही. तिथे कागद स्वतःच तपासावे लागतात. (भाड्याच्या जाहिरातींत 'फक्त शाकाहारी' असे लिहून आपल्याला दारातूनच परत पाठवतात, तो विषय वेगळा. त्यावर पुन्हा कधी.)

शेवटी कॅम्पातले एक तरुण जोडपे आले. मुलीने सरळ त्या भिंतीवर हात ठेवला आणि दुरुस्तीला किती लागतील ते विचारले. तेवढी रक्कम किमतीतून कमी करून सौदा ठरला. 'आणखी दोघे जास्त देताहेत' असे एकदा म्हणून पाहा, असे एका नातेवाइकाने सुचवले होते. खोटा गिऱ्हाईक उभा करून भाव चढवणे, नजश, याला मनाई आहे, एवढेच उत्तर भाईजाननी दिले. आम्हाला बरे वाटले.

शब्द दिला त्याच संध्याकाळी जाहिरात काढून टाकली. दुसऱ्या दिवशी भाईजाननी आपाला फोन करून किंमत सांगितली आणि मुखत्यारपत्र वकिलातीतून कसे करून पाठवायचे ते समजावले. ते आल्यावर इथे तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरायचा असतो. आपाने विचारले, "निळी जाळी त्यांनी ठेवली का?"

ठेवली आहे.